सुट्टी, उसंत आणि हातासरशीची कामे : मराठी व कन्नड नागर कथनांतील विश्रांतीचा दिवस

१

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी हे नाव मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या चोळचगुड्ड येथे या देवीचे मूळ स्थान आहे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता असून पौषातील शाकंभरी नवरात्र त्या घरांमध्ये आजही पाळले जाते. बेंगळुरूमधील कनकपुरा रस्त्यावरील देऊळ मात्र अलीकडचे, म्हणजे १९१५ मधील आहे. पुढे नगरविस्ताराच्या ओघात या देवळाच्या नावाने एकामागून एक टप्पे वसत गेले, बसस्थानक झाले आणि २०१७ मध्ये मेट्रोचे स्थानकही झाले. वनातील देवी अशा रीतीने एका महानगराच्या निवासी भागाची ओळख बनली.

या देवळाच्या उपासनेतील एक विशेष प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. येथे मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात पूजा करण्याचा प्रघात आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ भाग करून त्यांतील एक भाग राहूचा मानतात. रविवारी तो आठवा, म्हणजे स्थूलमानाने सायंकाळी साडेचार ते सहा हा असतो. हा काळ अशुभ मानला जातो, त्या वेळात नवे काम आरंभू नये, व्यवहार करू नये असा संकेत आहे. बनशंकरीच्या भक्त स्त्रिया नेमक्या याच वेळी देवळात येतात, लिंबाची अर्धी फोड पिळून तिची साल उलटी करतात आणि त्या वाटीत तेल-वात घालून दिवा लावतात. ज्या वेळात काहीही करू नये, तीच वेळ त्यांच्या एका कृतीसाठी राखून ठेवलेली असते.

राहुकाळापूर्वीचा रविवार कसा जातो, हे या भागातील मध्यमवर्गीय घरांत सहज दिसते. आठवड्याचे डोश्याचे पीठ वाटायचे असते, तुंबलेले कपडे धुऊन वाळत घालायचे असतात, इस्त्रीचे कपडे द्यायचे-आणायचे असतात. हॉपकॉम्सच्या दुकानातून भाजी, नंदिनीच्या केंद्रावरून दूध-दही, जमल्यास गांधी बझारपर्यंत जाऊन फुले आणि पूजेचे साहित्य आणायचे असते. वृद्धांची औषधे संपलेली असतात आणि मुलांच्या शाळेच्या वह्यांना वेष्टणे घालायची राहिलेली असतात. दिवसाचे नाव सुट्टी, परंतु त्याचे रूप कामांच्या माळेचे असते. पुणे, नागपूर, बेळगाव किंवा बडोदे येथील मराठी घरांतही या चित्रात फार फरक पडत नाही.

ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिच्याकडे वाङ्मयीन प्रश्न म्हणून सहसा पाहिले जात नाही. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे, की सुट्टीच्या दिवसाचे चित्रण हे नागर कथनातील एक कसोटीचे स्थळ आहे. त्या दिवशी कोणाला विश्रांती मिळते आणि ती कोणाच्या श्रमावर उभी असते, याविषयी लेखकाने घेतलेली भूमिका त्याच्या निवेदनाच्या घडणीतच उमटते. सुट्टी ही आधीपासून हाती असलेली वस्तू मानणारे कथन तिच्यात आलेल्या व्यत्ययाची गोष्ट सांगते, तर ती कोणीतरी घडवावी लागते हे जाणणारे कथन कामांच्या जोडणीची गोष्ट सांगते. मराठी आणि कन्नड अशा दोन शेजारी साहित्यांतील काही कृतींच्या आधारे हा भेद स्पष्ट करता येईल.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीतील 'सुट्टी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदाशी जोडलेला आहे. जो बांधलेला असतो तोच सुटतो, म्हणून सुट्टी या कल्पनेत बंधन आधीच गृहीत धरलेले असते. कन्नडमध्ये फुरसतीसाठी 'बिडुवु' हा शब्द आहे. 'बिडु' म्हणजे सोडणे. दोन भिन्न भाषाकुलांतील या शब्दांनी एकाच अनुभवाला एकाच बाजूने हात घातला आहे. 'रजा' हा अरबी मुळाचा शब्द दोन्ही भाषांत आला, त्याच्या मुळाशी संमतीचा अर्थ आहे. मराठीने त्याचा वापर मागून घेतलेल्या सवलतीपुरता ठेवला, कन्नडमध्ये मात्र सर्वसाधारण सुट्टीलाही तोच शब्द चालतो. सुटका काय किंवा संमती काय, दोन्हींत ती देणारा दुसरा कोणीतरी असतो.

मराठीत याहून वेगळी अशी एक शब्दमाला आहे: उसंत, सवड, हात रिकामा होणे. हे शब्द घरगुती बोलण्यात, विशेषतः स्त्रियांच्या तोंडी अधिक आढळतात आणि पुष्कळदा नकारार्थी वाक्यांत येतात. उसंत 'नसते', सवड 'काढावी लागते'. सुट्टी मिळते, सवड मात्र काढावी लागते. हा क्रियापदांतील फरक क्षुल्लक नाही. पहिल्यात काळ कोणीतरी देतो, दुसऱ्यात तो स्वतःच कुठून तरी वाचवून उभा करावा लागतो.

याच बोलीतील 'हातासरशी' हे क्रियाविशेषण येथे समीक्षेची संज्ञा म्हणून स्वीकारावेसे वाटते. एक काम हाती असताना त्याच ओघात दुसरे उरकून घेणे, असा त्याचा अर्थ. जाता जाता दळण टाकावे, परतताना औषध आणावे, भात शिजेपर्यंत भाजी निवडून घ्यावी. हातासरशी केलेल्या कामाची गणना स्वतंत्र काम म्हणून होत नाही, त्याला वेळ लागला असे मानले जात नाही आणि म्हणून ते सांगण्याजोगेही ठरत नाही. घरकामाच्या अदृश्यतेचे एक कारण या शब्दात दडलेले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यातील सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आहेत. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली, परंतु त्यांच्यातील अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. साहित्याच्या अभ्यासकाला यापुढचा प्रश्न पडतो, की ज्या मिनिटांना काम असे नावही मिळत नाही, ती कथनात कोणत्या रूपाने येतात?

३

आठवड्याच्या सुट्टीचा इतिहास मराठी समाजाशी निकटपणे निगडित आहे. मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून प्रयत्न केले. त्या वर्षी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध करण्यात आले. रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि वेळेवर वेतन या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टीला मान्यता दिली आणि १८९१ च्या कारखाने कायद्यात तिला स्थान मिळाले.

रविवार हा खंडोबाचा वार आहे, म्हणून त्या दिवशी कामगारांना मोकळीक हवी, असा युक्तिवाद लोखंडे यांच्या नावावर परंपरेने सांगितला जातो. सत्यशोधक विचाराच्या नेत्याने कामगारांच्या दैवताचा वार पुढे करावा यात वरकरणी विसंगती वाटेल. परंतु त्यामागील जाण महत्त्वाची आहे. रिकामा वेळ मागितला तर मालकाला तो आळस वाटतो, देवाचा वेळ मागितला तर तो नाकारणे अवघड जाते. विश्रांतीला स्वतःचे असे समर्थन समाजात नसते, तिला कर्तव्याचे नाव घ्यावे लागते. बनशंकरीच्या देवळात रविवारी सायंकाळी उभ्या असलेल्या स्त्रीलाही हेच समर्थन उपयोगी पडते. "जरा बसते" म्हणून घरातून दीड तास बाहेर पडता येत नाही, "देवळात जाऊन येते" म्हणून पडता येते.

१८९० ची ती सुट्टी गिरणीच्या दारापर्यंतची होती, ही तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सभेत बोललेल्या त्या दोन स्त्रिया आणि त्यांच्यासारख्या असंख्य कामगार स्त्रिया रविवारी गिरणीतून सुटल्या तरी चुलीपासून सुटल्या नाहीत. मालकाने सोडलेला वेळ कुटुंबाने ताब्यात घेतला. आधुनिक मराठी साहित्यात रविवार येतो तो या हस्तांतरानंतरचा.

४

त्या आधीच्या रविवाराचेही एक मराठी कथन उपलब्ध आहे. श्रावणातील आदितवारी सांगितली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी ही या दृष्टीने फारशी वाचली गेलेली नाही. तिचा आरंभच एका नित्याच्या कामापासून होतो. दरिद्री ब्राह्मण रानात समिधा, फुले, दुर्वा आणायला जातो आणि तेथे त्याला देवकन्या-नागकन्यांचा वसा दिसतो. घरच्या कामासाठी घातलेली खेप अकस्मात व्रताची प्राप्ती होते. त्यानंतर घराला समृद्धी येते. दोन मुलींपैकी एक राजाघरी व दुसरी प्रधानाघरी दिली जाते.

काही काळाने बाप मुलींचा समाचार घ्यायला निघतो. राजाघरच्या मुलीकडे गेल्यावर तो तिने दिलेले गूळपाणी नाकारतो आणि आधी कहाणी ऐक म्हणतो. ती म्हणते की आपल्याला वेळ नाही, राजा पारधीला निघाला आहे, त्याच्या जेवणाला उशीर होईल. प्रधानाघरची मुलगी मात्र ऐकते. परिणामी पहिलीला दारिद्र्य येते, दुसरीची भरभराट होते.

हा प्रसंग परंपरेने उतण्या-मातण्याच्या सूत्राने समजून घेतला जातो: वैभवाने मुलगी उन्मत्त झाली आणि तिने वसा उपेक्षिला. पण संहितेतील कारण तसे नाही. मुलगी श्रीमंतीचा तोरा दाखवत नाही, ती आपल्या वेळेचा हिशेब सांगते. राजाची पारध ही त्याची करमणूक आहे आणि त्या करमणुकीच्या वेळापत्रकाला राणीचा स्वयंपाक बांधलेला आहे. प्रधानाच्या घरी जी सवड आहे ती राजाच्या घरी नाही. स्त्रीचा दर्जा जसा वाढतो तसा तिचा वेळ दुसऱ्याच्या विरंगुळ्याला अधिक जुंपला जातो, असे विदारक निरीक्षण या भोळ्या वाटणाऱ्या कथनात आहे. आणि कहाणी शिक्षा करते ती राजाला नव्हे, राणीला. जो वेळ तिच्या मालकीचा नव्हता तो न दिल्याबद्दल तिला दंड होतो.

कहाणी येथेच थांबली असती तर तिला केवळ व्रताच्या प्रचाराची संहिता म्हणावे लागले असते. परंतु तिचा उत्तरार्ध वेगळी दिशा घेतो. पुन्हा वसा घेतलेली राणी परतीच्या वाटेवर कहाणी ऐकणाऱ्या उपाशी माणसाचा शोध घेते. तिला प्रथम भेटतो तो मोळीविक्या. कहाणी ऐकून आपले पोट कसे भरेल, असा त्याचा रोकडा सवाल असतो. पुढे ज्याच्या विहिरीला पाणी नाही असा माळी येतो, दुःखाने गांजलेली म्हातारी येते. ज्या राणीला ऐकायला वेळ नव्हता तिला आता कष्टकऱ्यांकडे वेळ मागावा लागतो आणि ऐकण्याचीही किंमत पडते हे त्यांच्या तोंडून ऐकावे लागते. ती किंमत भरून निघाल्यावरच, म्हणजे मोळी सोन्याची झाल्यावर आणि विहिरीला पाणी लागल्यावर, व्रत फळते. निवांतपणा हा ज्याला परवडतो त्याचा गुण नसून ज्याला परवडत नाही त्याला द्यावयाचे देणे आहे, ही कहाणीची अंतिम समज म्हणता येईल. पूर्वार्धात राणीवर झालेला अन्याय ती पुसत नाही, मात्र त्याचे कारण उघडे ठेवते.

५

नागर मध्यमवर्गाच्या रविवाराकडे वळताना पु. ल. देशपांडे यांच्या 'वाऱ्यावरची वरात'मधील रविवार सकाळचा भाग आठवणे अपरिहार्य आहे. मध्यमवर्गीय बिऱ्हाडातील सुट्टीची सकाळ आणि तिच्यात एकामागून एक येऊन थडकणारी माणसे, ही त्याची रचना. मराठी विनोदाने पुढे कित्येक वर्षे हीच चौकट वापरली. गृहस्थ निवांत बसू पाहतो, जग त्याला बसू देत नाही. निवांतपणाचा हेतू आणि त्याचा भंग यांतील अंतरातून हशा निर्माण होतो. देशपांडे यांचे निरीक्षण आणि बोलींवरील प्रभुत्व यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. येथे केवळ या चौकटीचे गृहीतक पाहावयाचे आहे. व्यत्यय येण्यासाठी आधी विश्रांती असावी लागते. ज्याच्या हाती ती आहे त्याचीच ती भंगू शकते. आल्यागेल्यासाठी चहाचे आधण पुन्हा पुन्हा चढते तेव्हा आत जे घडते ते व्यत्यय या सदरात येत नाही, कारण आतल्या व्यक्तीचा निवांतपणा मुळात कोणी मोजलेलाच नसतो. म्हणून या प्रकारच्या विनोदात स्वयंपाकघर बहुधा आवाजाच्या रूपाने असते, दृष्टिकोनाच्या रूपाने नसते.

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही कन्नड लघुकादंबरी या चौकटीला आतून उलटे करते. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती जगभर पोहोचली. बेंगळुरूमधील एका कुटुंबाची मसाल्याच्या धंद्यातून भरभराट झाली आहे. निवेदक त्या धंद्यात नावापुरता आहे आणि त्याचे दिवस कॉफी हाउसमध्ये बसण्यात जातात. त्याच्या आयुष्यात प्रत्येक दिवस सुट्टीचाच आहे. पुलंच्या चौकटीत ज्याची आस लागलेली असते ते येथे मुबलक आहे, आणि तेच असह्य झाले आहे.

हा निवांतपणा कशावर उभा आहे हे कादंबरी हळूहळू उघड करते. कमावता एकटा काका. त्याच्या चहा-जेवणाच्या वेळा सांभाळण्यात घरातील स्त्रियांची सारी दक्षता खर्च होते. कहाणीतील राजाच्या पारधीची जागा येथे काकाच्या मर्जीने घेतली आहे. एक परकी स्त्री त्याच्या आवडीची मसुरीची आमटी घेऊन दाराशी येते आणि घरातील स्त्रिया तिला हाकलून देतात. हा प्रसंग कथनाच्या मर्मस्थानी आहे. अन्न घेऊन आलेली स्त्री ही या घराच्या व्यवस्थेला सर्वांत मोठा धोका वाटते, कारण त्या व्यवस्थेत खाऊ घालण्याचा अधिकार हेच स्त्रियांचे एकमेव भांडवल आहे. निवेदकाची पत्नी अनिता नवऱ्याने स्वतः काही काम करावे असा आग्रह धरते, तेव्हा ती केवळ कष्टाचे मोल सांगत नसते. सर्वांच्या सुट्टीची किंमत कोण मोजते हे ती बोलून दाखवते, आणि तेच या घराला सोसत नाही.

दोन कृतींतील भेद केवळ काळाचा किंवा प्रकृतीचा नाही. एकीकडे विश्रांती हा हक्क आणि व्यत्यय हा विनोद, तर दुसरीकडे विश्रांती हा लाभ आणि त्या लाभाबद्दलचे मौन हा गुन्हा. शानभागांचा निवेदक बसून राहतो म्हणूनच तो विश्वासार्ह राहत नाही. त्याच्या निष्क्रियतेला नैतिक वजन देऊन कादंबरी बसण्याच्या कृतीचाच जाब विचारते.

६

या दोन्हींहून भिन्न अशी तिसरी रीत ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनात आढळते. आयदान म्हणजे बांबूच्या कांबट्यांनी विणलेल्या वस्तू. आईचे विणकाम आणि लेखिकेचे लेखन यांतील नाते शीर्षकानेच सूचित केले आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या, सरकारी नोकरी करणाऱ्या, पुढे उच्च शिक्षण घेणाऱ्या आणि दलित स्त्रीचळवळीत काम करणाऱ्या लेखिकेच्या वाट्याला आलेला वेळ हा तुकड्यातुकड्यांचा आहे. घरचे सारे उरकले तरच शिकण्याला मुभा, ही अट शिकलेल्या, चळवळीशी परिचित घरातही सुटत नाही.

'आयदान'च्या रचनेवर सैलपणाचा आक्षेप कोणी घेऊ शकेल. प्रसंगातून प्रसंग निघतो, एक व्यक्ती सांगता सांगता दुसरी येते, कालक्रम मागेपुढे होतो. परंतु 'हातासरशी' ही संज्ञा येथे उपयोगी पडते. एक कांबटी खाली, एक वर अशा विणकामासारखे हे निवेदन एका कामाच्या ओघात दुसरे उचलते. अखंड वेळ ज्याच्याकडे आहे त्याच्या निवेदनाला चढता आलेख शक्य असतो, ज्याला वेळ जोडून घ्यावा लागतो त्याचे निवेदन जोडाजोडीचे असते. त्याला रचनेचा अभाव म्हणण्यापेक्षा निराळ्या कालानुभवाची रचना म्हणणे अधिक न्याय्य होईल. आईच्या हातातील कामाला जसे विश्रांतीचे वेगळे तास नव्हते, तसे लेखनालाही नाहीत. तेही इतर कामांच्या फटींतूनच झालेले आहे.

जागतिक साहित्यातील एका प्रख्यात उदाहरणाशी याची तुलना उद्बोधक ठरते. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरीचा आरंभ एका बाहेरच्या कामाने होतो. नायिका संध्याकाळच्या मेजवानीसाठीची फुले स्वतः आणायचे ठरवते आणि लंडनच्या रस्त्यांवरून चालताना तिच्या स्मृती व संवेदना जाग्या होतात. आधुनिक कादंबरीतील संज्ञाप्रवाहाला हे फुले आणण्याचे काम पुरेसे ठरते. परंतु ती स्वतः जाते, कारण मोलकरणीच्या हाती इतर कामे आहेत, हे वुल्फ पहिल्याच वाक्यांत नोंदवतात. घरची कामे दुसरे कोणी करीत असल्यामुळे नायिकेचे काम फिरणे होऊ शकते. बनशंकरीहून गांधी बझारला फुलांसाठी जाणाऱ्या गृहिणीच्या मनातही स्मृतींचा प्रवाह असणारच. मात्र तिच्या पिशवीत फुलांबरोबर औषधांची यादीही असते. तिचा संज्ञाप्रवाह यादीने अडवलेला असतो. अशा अडवलेल्या प्रवाहाचे गद्य कसे असेल याचे एक उत्तर 'आयदान'ने दिले आहे.

७

आतापर्यंतच्या विवेचनात मोलकरीण केवळ उल्लेखापुरती आली. नागर सुट्टीची चर्चा तिच्याविना अपुरी राहते, कारण मालकिणीचा रविवार हलका होतो तो बहुधा तिच्यामुळे. गिरीश कार्नाड यांचे 'बेंद काळु ऑन टोस्ट' हे कन्नड नाटक या ठिकाणी आवश्यक ठरते. सुखवस्तू घराची मालकीण आणि तिच्याकडे राबणारी स्त्री यांना एकाच शहराचे रहिवासी म्हणून ते समोरासमोर आणते. शीर्षकात बेंगळुरूच्या नावाची लोकप्रिय दंतकथा आहे. शिकारीत वाट चुकलेल्या बल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेले साधे कडधान्य खाऊ घातले, म्हणून त्या जागेला उकडलेल्या दाण्यांचे गाव असे नाव पडले, अशी ती कथा. इतिहासाला ती मान्य नाही. बेगूर येथील सुमारे इ. स. ९०० च्या शिलालेखात बेंगळुरू हे नाव आधीच आलेले आहे. तरीही शहराने ही कथा सोडलेली नाही.

या कथेची सांगड आदित्यराणूबाईच्या कहाणीशी घातली तर एक लक्षणीय साम्य हाती येते. दोन्हीकडे राजा शिकारीला गेलेला आहे आणि दोन्हीकडे त्याला जेवू घालणारी स्त्री आहे. मराठी कहाणीत ती राणी आहे आणि जेवणाच्या वेळेपायी तिला दंड होतो. कन्नड दंतकथेत ती अनाम म्हातारी आहे आणि तिच्या अन्नाचे नाव शहराला मिळते, तिचे स्वतःचे नाव मात्र उरत नाही. पुरुषाच्या विरंगुळ्याचा शेवट स्त्रीच्या चुलीपाशी होतो, हा दोन्ही कथनांचा समान सांगाडा आहे. कार्नाडांनी त्या दाण्यांना टोस्टवर ठेवले, तेव्हा महानगराच्या नव्या रुचीखाली तीच जुनी चूल जळते आहे याकडे बोट दाखवले.

प्रदीप वैद्य यांच्या मराठी रूपात आणि मोहित टाकळकर यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या 'आसक्त' संस्थेने हे नाटक 'उणे पुरे शहर एक' या नावाने सादर केले. नव्या शीर्षकात पुण्याच्या नावाची छटा आहे, उणेपणाचा अर्थही आहे. जे अनुवादात येऊ शकले नाही ते म्हणजे उकडलेले दाणे. पुण्याला अशी अन्नाची दंतकथा नाही. म्हातारी शीर्षकातून निघून गेली आणि तिच्या जागी शहराच्या अपुरेपणाची जाणीव आली. तौलनिक अभ्यासाला हा तोटा मोलाचा वाटावा, कारण शहर कोणाच्या हातचे खाऊन उभे राहिले याची आठवण प्रत्येक भाषेने वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते, हे त्यातून कळते. मराठीने ती श्रावणातील कहाणीत ठेवली, कन्नडने शहराच्या नावात.

८

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. विश्रांतीचा दिवस ही नागर कथनातील तटस्थ पार्श्वभूमी नाही. व्यत्ययाच्या चौकटीत लिहिलेले कथन विश्रांतीला जन्मसिद्ध मानते, म्हणून ते विनोदी होते आणि विनोद ओसरल्यावर आत्मतुष्टही होऊ शकते. लाभाच्या चौकटीत लिहिलेले कथन विश्रांतीची किंमत विचारते आणि निवेदकालाच संशयित करते. जोडणीच्या चौकटीत लिहिलेले कथन विश्रांतीची वाट पाहत बसत नाही, ते कामांच्या मधल्या जागा वापरते आणि त्याची रचनाही तशीच घडते. या तिसऱ्या रीतीला समीक्षेने आजवर विस्कळीत, घरगुती, अनलंकृत अशा विशेषणांनी निकालात काढले असेल, तर त्या मूल्यमापनाचा फेरविचार व्हावयास हवा. ज्या वेळात ते साहित्य लिहिले गेले त्या वेळेचा आकार त्यांनी ध्यानात घेतलेला नसतो.

येथे एका संभाव्य आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. घरकामाला सदैव ओझे मानणे हाही एकांगीपणा नव्हे काय? भाजी निवडताना होणाऱ्या गप्पा, बाजारात भेटलेले ओळखीचे चेहरे, पीठ आंबल्याचे समाधान यांत काहीच विसावा नसतो काय? असतो, आणि कहाणीने तो ओळखला आहे. व्रत सापडते ते समिधा आणायला गेलेल्या वाटेवर, घरी बसून नव्हे. प्रश्न कामात आनंद आहे की नाही हा नसून तो आनंद घेण्याची किंवा नाकारण्याची मुभा कोणाला आहे हा आहे. वुल्फच्या नायिकेला फुले आणणे निवडता आले, राजाघरच्या मुलीला स्वयंपाक बाजूला ठेवणे निवडता आले नाही. निवड असेल तेथे काम विरंगुळा होते, ती नसेल तेथे विरंगुळाही काम होतो.

बनशंकरीच्या देवळातील रविवारचा दीड तास या दोहोंच्या सीमेवर आहे. तेथे जाण्यासाठीही लिंबे आणावी लागतात, ती कापून पिळावी लागतात, वाती कराव्या लागतात, रांगेत उभे राहावे लागते. हेही कामच आहे. पण त्या वेळात कोणताही व्यवहार करू नये असा संकेत असल्यामुळे भाविक घरात त्या वेळेवर दुसरे काम सहजी टाकता येत नाही. पंचांगाने जो काळ निरुपयोगी ठरवला तो स्त्रियांनी आपल्या नावे करून घेतला आहे. लोखंडे यांनी मालकांसमोर खंडोबाचा वार मांडला, त्याच जातीची ही युक्ती आहे. फरक एवढाच, की तिचे निवेदन कोणी लिहिलेले नाही आणि त्यावर सह्या नाहीत. सहा वाजता राहुकाळ संपतो आणि परतीच्या वाटेवर हातासरशी उद्याची भाजी घेतली जाते.